पापुद्र्याखाली

गेल्या हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, निलंग्याकडच्या आमच्या गावाहून लातूरला माझ्या घरी आले. नेहमीप्रमाणे आधी नळावर पाय धुतले. उजव्या पायाच्या करंगळीखाली पाणी थांबेचना. तेवढी कातडी मेणकापडासारखी चकाकत होती.

"हे काय लावलंय, अण्णा?"

"तुझ्या भावानं आणलंय औषध. तुरीचा खुंट घुसला चपलेतून. बारीक हाय."

तूर कापल्यावर रानात उरलेले खुंट खिळ्यासारखे असतात. अण्णांना उसाला पाणी द्यायचं होतं, जखम ओली व्हायला नको, म्हणून भावानं मेडिकलमधून लिक्विड बँडेजची बाटली आणली होती. नेलपॉलिशसारखा ब्रश. लावलं की वाळून पापुद्रा धरतो. अण्णांना ते फार आवडलं. रोज सकाळी जुन्या थरावर नवा थर देत राहिले.

मी पाय मांडीवर घेतला. पापुद्रा पिवळसर झाला होता. मधोमध त्याखाली काहीतरी काळपट दिसत होतं, आणि दाबलं की ते जरासं सरकायचं.

"दुखतंय का?"

"न्हाई ना. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

अण्णांना बरीच वर्षं शुगर आहे. दुखत नाही हे त्यांनी समाधानानं सांगितलं, पण शुगरमध्ये पायाची जाणीवच जाते हे मला ठाऊक होतं.

त्यांनी नखानं कडा उचकटायला सुरुवात केली. मी हात धरला. औषधाच्या खोक्यातला कागद त्यांच्या पिशवीतच होता. ओढून काढू नका, कोमट पाण्यानं मऊ करा, असं त्यावर लिहिलं होतं. माझ्याकडचं नेलपॉलिश काढायचं औषध मी हातात घेतलं होतं, पण उघड्या जखमेवर असलं काही लावू नये असंही त्या कागदात होतं. बाटली परत ठेवली.

पाणी गरम केलं. अण्णा पाय बुडवायला निघाले तेव्हा त्यातून वाफ येत होती.

"थांबा! चटका बसंल."

"कुठं गरम हाय? गारच हाय की."

मी कोपर बुडवून पाहिलं आणि झटक्यात बाहेर काढलं. ते पाणी ओतून दिलं, दुसरं कोमट केलं. त्यात सुती फडकं भिजवून पायावर ठेवलं. पापुद्रा हळूहळू पांढरा पडला. कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, तशी कडा शेवाळासारखी गुंडाळत आली. जिथं निरोगी कातडी होती तिथून ती अलगद सुटत गेली. अण्णा टीव्हीकडं बघत होते.

मध्याजवळ आल्यावर पापुद्र्याबरोबर कातडीच उचलली जाऊ लागली. मी बोट काढून घेतलं. तेवढ्या फटीतून वास आला. तो वास कसा होता हे मला आजही कुणाला सांगता येत नाही. अण्णांनी नाक मुरडलं आणि विचारलं, "काय मेलंय का गं कुठं?"

मी पुढं हात लावला नाही. पाय स्वच्छ फडक्यात सैल गुंडाळला आणि रिक्षा बोलावली. रिक्षात पाहिलं, तर पाऊल वरच्या बाजूनं लाल झालं होतं. घोट्याकडं एक लाल रेघ निघाली होती. घरी ती मला दिसली नव्हती, की तेव्हा नव्हतीच, कोण जाणे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि एक बारीक तार तळव्यावर ठिकठिकाणी टेकवली.

"लागलं की सांगा, काका."

तार वाकत होती, सरकत होती, पुन्हा वाकत होती. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "करा की सुरू, बाई."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग उरलेला पापुद्रा सलाईनच्या पाण्यानं भिजवून काढला. खाली पू साठला होता आणि चपलेच्या रबराचा एक तुकडा होता.

"असल्या खोल जखमेवर हे लावायचंच नसतं. घाण आत कोंडली जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढलं नाही ते बरं केलं. पण पाय उशिरा आलाय."

करंगळी गेली. पाऊल राहिलं. भाऊ गावाहून धावत आला आणि खाटेजवळ उभा राहून रडू लागला. अण्णाच त्याला म्हणाले, "तू कशाला रडायलास? मला तर काहीच कळलं न्हाई." ते ऐकून भाऊ अजूनच रडला.

आता अण्णा बूट घालून रानात जातात. संध्याकाळी वहिनी त्यांचे दोन्ही तळवे टॉर्च लावून बघते आणि मला फोन करते. परवाही केला. मागं अण्णांचा आवाज ऐकू येत होता, चहा मागत होते.

"आज तरी काही न्हाई, ताई," वहिनी म्हणाली.