मॅचबद्दल बोलू नका

काचबिंदूने अप्पांची दृष्टी गेली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बऱ्याच सूचना दिल्या. घरातल्या खुर्च्यांच्या जागा बदलू नका, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, त्यांना एकटं वाटू देऊ नका. फुटबॉलचं काय करायचं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही.

अप्पा आमच्या शहराच्या बंदराजवळ, जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज कंपनीत कारकून होते आणि कंपनीच्या संघातून लेफ्ट हाफ खेळायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यावर खेळणं सुटलं, पण बघणं आणि ऐकणं सुटलं नाही. माझ्या लहानपणी रेडिओवर मोठ्या सामन्यांचं धावतं वर्णन लागायचं. ते ऐकताना अप्पांचा डावा पाय जमिनीवर आपोआप हलायचा, जणू चेंडू त्यांच्याकडेच येणार होता. ते बोलणारे लोकही तसेच तयारीचे असायचे. चेंडू कुणाच्या पायात आहे, तो कुठल्या बाजूने पुढे सरकतोय, समोर कोण उभा आहे, सगळं सांगायचे. आईला खेळात गोडी नव्हती, तरी स्वयंपाकघरातून तिला गोल कळायचा.

त्यामुळे अप्पांची दृष्टी गेली तेव्हा मी मनाशी म्हटलं, निदान सामने तरी त्यांचे राहतील. रेडिओ आहेच की. मी भूगोल शिकवते, जगात काय कुठे आहे हे मला माहीत असतं अशी माझी समजूत आहे. रेडिओवरचा फुटबॉल नाहीसा झालाय हे मात्र मला माहीत नव्हतं.

हंगाम सुरू झाला. आमच्या शहराचा संघ घरापासून ऑटोने वीस मिनिटांवरच्या स्टेडियममध्ये खेळत होता आणि मी संध्याकाळभर ट्रान्झिस्टरचं चाक फिरवत होते. सिनेमाची गाणी, दागिन्यांच्या जाहिराती, एक ज्योतिषी. शेवटी टीव्ही लावला.

"पंदु कोणापाशी आहे?" अप्पांनी विचारलं. आमच्या घरची मराठी तंजावरची. त्यात चेंडूला तमिळ पंदुच म्हणतात.

टीव्हीवरचे दोघे एका खेळाडूच्या नव्या केशरचनेबद्दल बोलत होते. मी वह्यांतून मान वर करून पाहिलं आणि सांगितलं, "आपल्या गोलकीपरपाशी."

मागून लोकांचा मोठा ओरडा झाला. "काय झालं? का ओरडले?"

"कॉर्नर मिळालाय, अप्पा."

"कोणाला?"

तोवर तो कॉर्नर होऊनही गेला होता. टीव्हीवरच्या माणसांचं चुकत नव्हतं. बघणाऱ्याला चेंडू दिसतोच, मग ते कशाला सांगतील? पण अप्पा नव्वद मिनिटं अंधारात बसून केशरचनेबद्दल ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी मी चॅनेलच्या मदत क्रमांकावर फोन केला. एक मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सामना तुम्ही आमच्या अ‍ॅपवरही बघू शकता."

"वडिलांना बघता येत नाही. म्हणूनच फोन केलाय."

ती म्हणाली, "अ‍ॅपवर चित्र जास्त स्पष्ट दिसतं, मॅडम."

मी फोन ठेवला. शनिवारी शाळा सुटल्यावर साडी न बदलता तडक एका रेडिओ केंद्रावर गेले. तिथल्या अधिकाऱ्याचे केस पिकले होते. मी अप्पांचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कधी काळी त्यांनी स्वतः फुटबॉलचं वर्णन केलं होतं म्हणे.

"मॅडम, एक सामना आता एक सामना राहिलेला नाही," ते म्हणाले. "त्याचे तुकडे होतात. टीव्हीवर दाखवायचा हक्क एक, मोबाइलवर दाखवायचा दुसरा, परदेशात दाखवायचा तिसरा. नुसते गोल दाखवायचे तरी वेगळा. आणि नुसता आवाज ऐकवायचा, तो आणखी वेगळा."

"मग आवाजाचा हक्क तुम्ही का घेत नाही?"

"तो टीव्हीवाल्यांनी गठ्ठ्यातच घेतलाय."

"मग ते रेडिओवर का देत नाहीत?"

"त्यांच्याकडे रेडिओ कुठे आहे?"

"मग घेतला कशाला?"

ते हवामानाचं वृत्त सांगावं तसं म्हणाले, "दुसऱ्याने घेऊ नये म्हणून."

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग खिडकीकडे हात करून म्हणाले, "आमच्याकडे माइक आहे. माणसं आहेत. मी स्वतः तिथे बसून बोलायला तयार आहे, एक पैसा न घेता. पण एक वाक्य जरी हवेत गेलं तरी दुसऱ्या दिवशी नोटीस येईल."

ते भले गृहस्थ होते, त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता. रागवायचं कुणावर तेच कळत नव्हतं, आणि त्यानेच माझा राग जास्त वाढला. एखादी गोष्ट महाग आहे, आपल्याला परवडत नाही, हे मी समजू शकते. पण विकत घेऊन कुलूप लावून ठेवायची, स्वतः वापरायची नाही आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही? घरी येऊन मी त्या टीव्ही कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं. तुमचा पाहण्याचा अनुभव आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. पाहण्याचा! मी ते अप्पांना वाचून दाखवलं नाही.

अप्पांना स्टेडियममध्ये न्यावं, तर आदल्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथल्या उंच पायऱ्या आणि ती रेटारेटी त्यांना झेपणारी नव्हती. तेव्हा मीच म्हटलं, "अप्पा, मी जाते. तिथून फोन करते. काय चाललंय ते सांगते."

"तुला काय कळतं गे फुटबॉलातलं?" ते म्हणाले, पण चेहरा उजळला होता.

त्यांनी मला आठवडाभर शिकवलं. जेवणाच्या टेबलावर स्टीलचा ट्रे ठेवायचा, त्याच्या कडांवरून बोट फिरवत म्हणायचे, "हे मैदान. स्टेशनाच्या बाजूचा गोल इकडे. बाजाराच्या बाजूचा तिकडे. आधी जागा सांग, मग माणूस सांग, मग तो काय करतोय ते सांग. तुझं मत सांगू नकोस." संध्याकाळी आम्ही सराव करायचो. मी टीव्हीचा आवाज बंद करून जुना सामना बघत बोलायचे, आणि अप्पा ट्रेवर लिंबू सरकवत तपासायचे.

पहिल्या सामन्याला मी अगदीच वाईट बोलले. "अय्यो, काय सुंदर पास!" म्हटलं की फोनमधून ओरडा यायचा, "अम्मा, सुंदर म्हणजे कुठून कुठे?" इथल्या घरांतल्या रीतीने अप्पा मला, पोटच्या पोरीला, अम्मा म्हणतात. दुसऱ्या सामन्याला घसा बसला, पण त्यांनी फक्त चारदा टोकलं. तिसऱ्या वेळी आमचा डावा खेळाडू रेषेजवळून तिघांना चुकवत निघाला. मी पाऊलन् पाऊल सांगत होते, आणि मी म्हणायच्या आधीच फोनमधून अप्पा म्हणाले, "आता आत वळेल." तो वळलाच. छपन्न वर्षांच्या आयुष्यात मी वडिलांबरोबर पहिल्यांदा सामना बघत होते. घरी त्यांना फोन उचलून द्यायला शेजारच्या मामी यायच्या. त्याही म्हणे लाह्या खात शेवटपर्यंत बसून राहायच्या.

चौथ्या सामन्याला, पहिला अर्धा भाग संपत आला असताना, खासगी सुरक्षेचा एक रक्षक माझ्या रांगेशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, हातात वॉकीटॉकी.

"मॅडम, कुणाशी बोलताय?"

"वडिलांशी."

"सुरुवातीपासून?"

"हो."

"काय सांगताय त्यांना?"

"सामना सांगतेय. त्यांना दिसत नाही."

त्याने माझं तिकीट मागितलं आणि मागची बारीक अक्षरं माझ्यापुढे धरली. सामन्याचं चित्र, ध्वनी किंवा वर्णन मैदानाबाहेर पाठवायला मनाई. "मागचे तीन सामने आमचे लोक तुम्हाला बघतायत. हे प्रक्षेपण होतं, मॅडम."

"प्रक्षेपण? एका म्हाताऱ्या माणसाला फोन केलाय मी!"

"एक की हजार, नियम एकच आहे. आवाजाचे हक्क कंपनीकडे आहेत."

"कंपनीने ते कुठे वापरलेत? मला ऐकवा. आत्ता इथे ऐकवा, मी फोन बंद करते."

त्याने उलट विचारलं, "कुठल्या भाषेत बोलत होता?"

मला वाटलं, आता सुटका होईल. "मराठीत. आमची तंजावरची मराठी. इथे कुणाला समजतही नाही."

त्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी विचारलं. वाट पाहिली. मग म्हणाला, "सगळ्या भाषा आल्या त्यात."

मी उभी राहिले. मी शाळेत तीस वर्षं मुलांना हळू बोला म्हणून सांगत आलेय, पण त्या दिवशी माझा आवाज पाच रांगांना ऐकू गेला असेल. ज्या भाषेत आजवर कुणी, कधी, कुठेही फुटबॉलचं एक वाक्य प्रसारित केलेलं नाही, जी बोलणारी माणसं एका लग्नाच्या मांडवात मावतील असं आम्हीच थट्टेने म्हणतो, तिचेही हक्क यांनी विकत घेतले होते! मी तमिळमध्ये विचारलं, माझ्या आजोबांची भाषा तुम्हाला कुणी विकली? सही कुणी केली? त्या विक्रेत्याचं नाव सांगा. आजूबाजूचे लोक आधी हसले, मग दोघेतिघे म्हणाले, जाऊ द्या ना सर, बोलू द्या बाईंना. रक्षकाने मान खाली घातली. त्या माणसालाही घाम फुटला होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "फोन करा ना, मॅडम. वडिलांशी बोला. जेवलात का विचारा. फक्त मॅचबद्दल बोलू नका."

त्याच क्षणी सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. गोल झाला होता. मी त्या माणसाच्या ओळखपत्राकडे बघत होते.

"फोन बंद करा, नाहीतर बाहेर जावं लागेल," तो म्हणाला, आणि मी फोन बंद केला. त्याबद्दल मला स्वतःला अजून माफ करता येत नाही. उरलेला सामना मी तिथेच बसून काढला, पण काय बघितलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

घरी आले तर अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. मामी निघून गेल्या होत्या. फोन सुरू असेपर्यंतचं सगळं भांडण त्यांनी ऐकलं होतं.

"फोन का ठेवलास?"

"बाहेर काढत होते, अप्पा."

"काढू द्यायचं होतंस." ते एवढ्या मोठ्याने ओरडले की मी दचकले. "गोल कसा झाला?"

"मी पाहिला नाही."

"काय?"

"भांडत होते. पाठ होती मैदानाकडे."

मी रसम-भात वाढला. दोन घास झाल्यावर म्हणाले, "त्यांचं काय गेलं असतं गे?"

मी पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी स्पर्धेच्या आयोजकांना. त्यांनी मला टीव्ही कंपनीकडे पाठवलं. टीव्ही कंपनीने लिहिलं की मैदानातले नियम आयोजकांचे असतात. दोघांच्या पत्रांत दिलगिरी शब्दशः सारखीच होती. पुढच्या हंगामात हक्क दुसऱ्या कुणीतरी घेतले. टी. नगरला बसमधून उतरताना मला त्यांची भली मोठी जाहिरात दिसली: प्रत्येक क्षण, प्रत्येक घरात. साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या गर्दीत मी तिथेच उभी राहिले. मागच्या बाईने ढकललं तेव्हा भानावर आले. घरी जाऊन या नव्या कंपनीच्या क्रमांकावरही फोन केला. त्यांच्याकडेही आवाजाचे हक्क होते. त्यांच्याकडेही रेडिओ नव्हता.

आता रविवारी सकाळी मी अप्पांना ऑटोत बसवून तांबरमला माझ्या शाळेच्या मैदानावर नेते. तिथे आसपासच्या ऑफिसांचे संघ खेळतात. पोट सुटलेली, धापा टाकणारी माणसं. जमीन सपाट आहे, पायऱ्या नाहीत. रेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत अप्पा बसतात आणि मी शेजारी उभी राहून मोठ्याने बोलते. बँकेचा तो टकला पुढे निघालाय, स्टेशनच्या बाजूला, समोर एकच माणूस. खेळणारेही कधीकधी थांबून ऐकतात.

हे सांगितलं की लोक खूश होतात. स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या, "बघा, निघाला की नाही मार्ग?" मी त्यांना म्हटलं, मार्ग कसला निघाला? हुसकून लावलं आम्हाला. अप्पांना त्यांच्या शहराचा संघ हवा होता, ज्या मैदानावर ते स्वतः खेळले त्या मैदानावरचा. तो वीस मिनिटांवर खेळतोय, आणि तो ऐकण्याचा अप्पांचा हक्क एका कपाटात पडून आहे. आपल्या कपाटात तो आहे हे त्या कपाटाच्या मालकालाही बहुतेक माहीत नसेल. बाई म्हणाल्या, "तुम्ही फारच मनाला लावून घेता." मी हो म्हटलं आणि वर्गावर गेले.