काचेच्या पट्टीचा कौल

कीबोर्डच्या वरच्या ओळीतली बटणं काढून तिथे काचेची पट्टी बसवण्याची कल्पना ज्याला कुणाला सुचली, त्याने आयुष्यात कधी घाईत काम केलेलं नसावं, असं माझं ठाम मत होतं. पोटासाठी मी मिक्सर, गिझर, कुकर यांच्या माहितीपत्रकांचं मराठी करते. त्या कामात बोटं न बघता चालावी लागतात. ह्या पट्टीवर बघितल्याशिवाय काही सापडत नाही, कारण चाचपायला तिथे काही नसतंच. आवाज कमी करायला जावं तर पडद्याचा उजेड वाढतो. बोट चुकून नुसतं टेकलं तरी ह्या पट्टीबाईसाहेब कामाला लागतात. पण लॅपटॉप भाचीने वापरून दिलेला, फुकटातला. धर्माची गाय आणि दात का गं नाही, असं कुणाला विचारणार?

मसुऱ्याच्या अलीकडे आमचं घर, खाडीला लागून. घरात मी आणि आई, दोघीच. लॅपटॉप आला त्या वर्षी पाऊस गेल्यावर पट्टी आपसूक उजळायला लागली. एरवी तिला हात लागला नाही की ती थोड्या वेळाने काळी होते आणि बोट लागलं की पेटते. आता मी चहा घेत बाजूला बसलेली असताना ती पेटायची. एकदा तर उजेडाची खूण हळूच डावीकडे सरकली, थांबली, परत उजवीकडे आली. अंधारात फळीवर चष्मा शोधणाऱ्या माणसाचं बोट फिरावं, तशी. मी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. खूण तरीही सरकत होती.

आई दारात काजूच्या बिया निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "कोण तरी हात लावता गो."

लॅपटॉप कणकवलीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून पुसला, परत बंद केला. "खारी हवा, मॅडम," म्हणाला. "आत दमटपणा शिरला की पट्टीला बोट लागल्याचा भास होतो." मशीनलाही भास होतात हे ऐकून मी तिथे हसले. घरी येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. लागलेलं बोट आणि भासातलं बोट, पट्टीला दोन्ही सारखीच.

त्याच हिवाळ्यात आईच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन पावसाच्या आत करा, नाहीतर पुढचं सांगता येणार नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "कौल घेतल्याशिवाय मी खंयच जावचंय नाय."

कौल घ्यायचा म्हणजे देवळात जायचं. गुरव देवाच्या अंगाला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण आमचं देऊळ कुलूपबंद होतं. पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून मानकऱ्यांचं भांडण कोर्टात गेलं होतं. दुसऱ्या गावच्या देवाला विचारायला आई तयार नव्हती. परक्याच्या देवाला आपल्या घरचं काय ठाऊक, असं तिचं म्हणणं. मी समजावलं, भांडले, अबोला धरला. तिला जिना चढताना धाप लागायची. हिच्यावाचून मी काय करणार, एवढा एकच विचार माझ्या मनात असायचा.

एका तिन्हीसांजेला मी काम करत असताना ती आंघोळ करून आली. देवाजवळचा पाट घेतला, मला उठवलं आणि लॅपटॉप पाटावर ठेवला. समोर नारळ, विडा. मी म्हटलं, "आई, हे दमट हवेमुळे होतं. डोकं फिरलंय का तुझं?"

"गप ऱ्हव. आणि होय म्हाराजा म्हण."

पट्टी काळी झाली. आईने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा मनात धरल्यानी हा, त्याचो उजवो कौल दी, म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला. बाहेर खाडीचं पाणी भरत होतं, पण त्याचाही आवाज येईनासा झाला होता. दोघींचे हात पट्टीपासून लांब होते.

पट्टी उजळली. फक्त डावा कोपरा, बोटभर.

डावा म्हणजे नाही. मी लॅपटॉप मिटायला धावले, तर आईने मनगट धरलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "देव आपल्याकडे तोंड करून बसता. आपलो डावो तो देवाचो उजवो. इतक्या सुद्धा म्हायत नाय तुका?" मग तिने पट्टीला कुंकू लावलं. जन्मात मी कुणाची इतकी आभारी झाले नव्हते, जितकी त्या पट्टीची झाले. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन केला.

कोल्हापूरला निघालो तेव्हा आई कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी निवांत होती. फोंडाघाटच्या बाजारात गाडी थांबवून आम्ही चहा प्यायलो. मी जरा लाडात येऊन म्हटलं, "देवाने ऑपरेशन कर म्हणून सांगितलं ना? उगाच इतके दिवस माझा जीव खाल्लास."

"ऑपरेशनाचा मी इचारूकच नाय," ती म्हणाली. "माझ्यामागसून तुझा बरा चलतला काय, इतक्याच इचारलंय."

ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला होता. मला तिला घेऊन घरी परत जायचं होतं. तसं म्हणायला तोंडही उघडलं, पण ती कपातला उरलेला चहा संपवून माझ्याआधी गाडीकडे निघाली.

आई घाट उतरून परत आली नाही. आता त्याला दोन पावसाळे झाले. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्याच्याने अन्नसुद्धा गिळवणार नाही. देवाचा कौल मी खोटा पाडणार, अशी माझी खात्री होती. पण मला भूक लागते. झोप लागते. काजूचं पीक मी वेळेत काढते, माहितीपत्रकं वेळेत देते आणि परवा तर शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर पोट धरून हसले. माझं सगळं बरं चाललं आहे.