मूळ न आलेल्या दोन पंचम्या

अंबाजोगाईला मी मनाच्या दवाखान्यात जायचे, पण मालक सोडून वडवणीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की योगेश्वरीच्या दर्शनाला जाते. दर पंधरा दिवसांनी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लई भक्ती हाय बाई हिची. येताना मी देवळापुढून फुटाण्याचा प्रसाद घ्यायचे आणि घरोघर वाटायचे. एका बाईनं तर खण-नारळ हातात दिला, माझ्या नावानं ओटी भरा म्हणून. ती मात्र मी खरोखर भरली. देवीला फसवायची हिंमत नव्हती, माणसांना फसवायला काही वाटत नव्हतं.

कित्येक महिने माझं डोकं ठणकत होतं, झोप उडाली होती, छाती भरून यायची. रक्त, लघवी, छातीची पट्टी, सगळं तपासून झालं आणि सगळं चांगलं निघालं. शेवटी एका डॉक्टरनं विचारलं, "बाई, मनाला काही लागलंय का?" मला त्याचा रागच आला. घरी येऊन मालकांपुढे आदळआपट केली, की मला काय याड लागलंय का? ते दुकानात थान गुंडाळत होते. म्हणाले, "जाऊन तर ये एकदा." आमचं कापडाचं दुकान पुढे आणि घर मागे. त्यामुळे भांडायचं तरी हळू आवाजात, गिऱ्हाईक असतं.

मनाला काय लागलंय ते मला ठाऊक होतं. भाऊ लागला होता.

आमच्याकडे लेक सणाला आपल्या पायानं माहेरी जात नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. त्याला मूळ म्हणतात. आता घराघरात फोन आहेत, दारात गाड्या आहेत, तरी पंचमीचं मूळ यावं लागतं ते लागतंच. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे युसूफ वडगावचा एकुलता एक धाकटा भाऊ. तो दरवर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, एसटीनं यायचा. त्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात. मी उपाशी पोटी त्याची वाट बघायचे, तो आला की चहा व्हायचा आणि मी पिशवी उचलायचे.

मग एका चतुर्थीला तो आलाच नाही. मी नवं लुगडं नेसून, पिशवी भरून जिन्याखाली ठेवलेली. थोरल्या जाऊबाईंचा भाऊ दुपारीच गाडी घेऊन आला होता. संध्याकाळी माझ्या भावाचा फोन आला. "आक्का, ह्या साली जमंना. कामं हायती." एवढं म्हणून थांबला. मागून भावजयीचा आवाज आला, "ठिवा आता." आणि फोन बंद झाला.

बस. त्या दोन शब्दांवर मी आख्खं घर बांधलं. भावजयीनं त्याला माझ्याविरुद्ध भरवलं. सासू-सासरे गेले, आता नणंदेची कटकट कशाला, असं ती म्हणाली असणार. आईच्या पेटीतल्या लुगड्यांवर तिचा डोळा असणार. मागल्या पंचमीला तिनं दिंडात पुरण कमी भरलं होतं, ते काही उगीच नव्हतं. मग माझ्या फोनवर तिच्या स्टेटसला पंचमीच्या झोक्याचा फोटो दिसला. म्हणजे इकडे मी उपाशी, आणि ही झोके घेतेय! तो फोटो कधीचा होता, कुणाचा होता, मी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत फेर धरला तेव्हा मी गाण्यात भावजयीवर दोन ओळी जोडल्या. बायका असं करतातच, गंमत म्हणून. पण माझ्या ओळीत गंमत नव्हती. तिच्या माहेराला, तिच्या स्वयंपाकाला, तिच्या मूल न झालेल्या कुशीला, काही सोडलं नाही. हे लिहिताना हात थांबतो आहे. पण मी ते गायले, आणि बायका हसल्या तेव्हा मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी पुन्हा चतुर्थी, पुन्हा मूळ नाही. संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला नाही. उपवास मात्र धरला. भावाला आयुष्य मागत होते आणि त्याच तोंडानं शिव्या देत होते. डोकं ठणकायला लागलं ते तेव्हापासून.

दवाखान्यात बोलायला बसवलं ती बाई माझ्या लेकीच्या वयाची. मला वाटलं, ही काय मला शिकवणार? तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक वही आणायला सांगितली. पान मधोमध दुमडायचं. डाव्या बाजूला फक्त डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं. उजव्या बाजूला मनानं त्याला जे जोडलं ते.

मी लेकीची जुनी शाळेची वही घेतली. सुरुवात बारक्यासारक्या गोष्टींनी केली. डावीकडे : जाऊबाईंनी दार लावलं. उजवीकडे : माझं तोंड बघायचं नाही म्हणून लावलं. डावीकडे : मालकांनी अर्धी भाकरी ठेवली. उजवीकडे : माझ्या हातची चव आवडेनाशी झाली. खरं म्हणजे जाऊबाईंच्या खोलीत मांजर शिरत होतं आणि मालकांनी गिऱ्हाइकासोबत दोन भजी खाल्ली होती. आठवड्याभरात मला कळलं की माझं मन दिवसभर एकच धंदा करतंय. कुणी काही केलं की ते माझ्याचसाठी केलं, आणि वाईटासाठीच केलं, असं ठरवायचं. एवढ्या झटपट ठरवायचं की ठरवलं हे मलाही कळू नये. मला हसू आलं आणि लाजही वाटली. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि मांजरावर रुसले होते.

मग तिनं पंचमी लिहायला सांगितली. उजवी बाजू भरली, मागचं पान भरलं, त्याच्याही मागचं भरलं. डाव्या बाजूला तीन वाक्यं होती. भावाचा फोन आला. जमत नाही म्हणाला. मागून भावजय म्हणाली, ठिवा आता.

"काकू, तुम्ही त्यांना विचारलं का, का नाही आलात म्हणून?"

"आमच्यात विचारत नसतात. मूळ यायचं असतं."

"बरं. पण विचारलं का?"

 दोन वर्षांत मी गल्लीला सांगितलं, जाऊबाईंना सांगितलं, बाजारात भेटलेल्या माहेरच्या बायकांना सांगितलं, देवीलाही सांगितलं. ज्याला विचारायचं त्याला सोडून सगळ्यांशी बोलून झालं होतं.

आषाढातल्या एका साध्या दिवशी मी निघाले. घरी नेहमीचं खोटं सांगितलं, दर्शनाला जाते. धारूरचा घाट चढून केजला गाडी बदलली. मूळ न येता माहेरी चालले होते, म्हणून गावात उतरल्यावर पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. वाटेत आमचं रान लागतं. विहिरीकडच्या पट्टीत दरवर्षी उन्हाळी भुईमूग असायचा, पावसाळ्याच्या तोंडाला उपटून वाळवलेला. त्या पट्टीत आता वीतभर सोयाबीन होतं. भुईमुगाचा वाळका वेल कुठं दिसला नाही. मी ते पाहिलं आणि पुढे गेले.

भावजय दारात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि पाया पडली. चहा ठेवला. मी ठरवून आले होते की शांतपणे विचारायचं. तरी तोंडातून निघालं ते असं, "दोन सालं झाली. कावून आडवलंस त्याला?"

ती चुलीपाशीच बसली. म्हणाली, "म्या आडवलं न्हाई आक्का. दोन्ही सालं ते निघालते. वडवणीच्या स्टँडावर उतरलेबी. आन् तितूनच माघारी आले."

"कावून?"

"तुमाला खरंच ठावं न्हाई?"

मी मान हलवली. खरंच ठाऊक नव्हतं.

"त्याच्या आदल्या साली तुमाला न्यायला आलते. संगं शेंगांचं गठुडं व्हतं. तुमच्या दुकानात जाऊबाई व्हत्या, त्यांचा भाऊ व्हता, गिऱ्हाइकं व्हती. तुमी म्हणलाव, आला बघा आमचा शेंगावाला."

आठवलं. तोंडात मारल्यासारखं आठवलं. जाऊबाईंचा भाऊ दारात गाडी लावून पंख्याखाली बसला होता आणि माझा भाऊ घामेजलेला, खताच्या रिकाम्या पोत्याचं गठुडं खांद्यावर घेऊन पायरी चढत होता. कुणी त्याला हसायच्या आत मीच हसून घ्यावं, असं मला वाटलं. म्हणून बोलले. सगळे हसले. तोही हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"घरी आल्यावं लई दिस गप व्हते," भावजय सांगत होती. "मग शेंगा लावनंच सोडलं. कुणाच्या लग्नाला जाईनात. काही घिऊन गेलं तर लोक हसत्यात म्हणायचे, रिकाम्या हातानं गेलं तरी हसत्यात म्हणायचे. स्टँडावरून माघारी आले का तुमाला फोन लावायचे. बोलताना रडू यायचं, म्हणून म्या म्हणले, ठिवा आता."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"त्यांनी शपथ घातली. आक्काला वाईट वाटंल म्हणले."

मग खाली बघत ती म्हणाली, "तुमी फेरात काय गायलाव तेबी कळलंय मला. ते म्या त्यांना सांगितलं न्हाई."

मी त्या बाईच्या पाया पडायला हवं होतं. नाही पडले. ती वयानं लहान, मी नणंद, असलं काहीतरी आडवं आलं. नुसती म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "च्या पुन्ना ठिवते."

दोन वर्षं वहीच्या किती पानांचा मजकूर मी डोक्यात वागवला. सगळ्यांचा अपमान त्यात होता, कुणी कमी पुरण भरलं तेसुद्धा होतं. माझं हे एक वाक्य त्यात कुठंच नव्हतं. डाव्या बाजूला नव्हतं, उजव्या बाजूलाही नव्हतं.

भाऊ रानातून आला. मला बघून उंबऱ्याशीच थबकला. तो किती वाळला होता. म्हणाला, "आक्का, मूळ न येताच आलीस? मला फोन करायचा." जणू चूक त्याची होती. मी माफी मागायला लागले तर त्यानं हात वर केला. "तू काय खोटं बोललीस? हायच की मी शेंगावाला."

माझ्या मनातली वाक्यं पकडायला मी अंबाजोगाईला जात होते, वही भरत होते. त्याच्या मनात फिरणारं वाक्य तर माझंच होतं, शब्दन् शब्द. ते कोणत्या वहीत लिहून त्याला दाखवू, मला कळेना. दवाखान्याचं मी त्याला तेव्हाच सांगितलं. आपण दोघं मिळून जाऊ म्हटलं. तो म्हणाला, बघू. पंचमीला न्यायला येशील का विचारलं, तर म्हणाला, येतो.

ह्या चतुर्थीला दुपार झाली तरी तो आला नाही. मन लगेच कामाला लागलं : येणार नाही, मनातून राग गेलेला नाही, भावजयीनं सांगितलं असणार गाण्याचं. मी वही काढली. डावीकडे लिहिलं, दोन वाजले, आला नाही. उजवी बाजू कोरी ठेवायला फार कष्ट पडले. तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का, स्टँडावर हाय." एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी पिशवी उचलली. दुकानात जाऊबाई होत्या, त्यांचा भाऊ होता, मालक होते. जाऊबाईंनी विचारलं, "भाऊ आला न्हाई का ह्या सालीबी?"

महिनाभर मी मनात घोकत होते की भावाला घरी आणायचं, ह्याच पायरीवर उभं करायचं आणि सगळ्यांसमोर माफी मागायची. तो तर स्टँडावर बसला होता. मग एकटीच बोलले. "आलाय. स्टँडावर हाय. म्या त्याला हितं शेंगावाला म्हणले तवापासून त्याला आपल्या दारात येता येईना. मनाच्या दवाखान्यात जाते मी, दर्शनाला न्हाई."

मालकांनी हातातली कात्री खाली ठेवली. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत. त्यांच्या भावानं मान खाली घातली. मग जाऊबाई म्हणाल्या, "कधी म्हणलाव असं? मला तर आठवतबी न्हाई वो."

स्टँडावर तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. रिकामी पिशवी घडी करून मांडीखाली घातलेली. घरी चल म्हटलं, तर म्हणाला, "हितूनच जाऊ." मी ओढाताण केली नाही. गाडीत त्यानं मला खिडकीपाशी बसवलं.

तेलगाव मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "घरी काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं."

"तुझ्या जाऊबाई हसल्या का?"

"न्हाई," मी म्हटलं. त्यांना आठवतच नाही, हे मात्र सांगवेना. तीन वर्षं जे उरावर घेऊन तो जगला, ते इकडे कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

न्हाई हसल्या, हे खरं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, डाव्या बाजूला लिहावं इतकं खरं. तरी केज येईपर्यंत त्यानं मला आणखी तीनदा तेच विचारलं.