शालनवरचा फिशपाँड

हे लिहायचं मी आयुष्यभर टाळलं. शाळेची स्मरणिका निघाली तेव्हा टाळलं, बॅचचं पहिलं संमेलन झालं तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं, आणि बायको होती तोवर तिलाही कळू दिलं नाही. आता टाळणार नाही. ज्यांना गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी इथेच थांबावं.

चंदीगडला नोकरी लागली म्हणून गाव सोडलं, तेव्हा वडील एसटी स्टँडवर सोडायला आले होते. ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली. हमालाला हात लावू दिला नाही. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "नीट राहा. आपल्या घराकडे बोट दाखवायची वेळ आजवर कुणावर आली नाही." आई पदर तोंडाला लावून उभी होती. सगळ्यांना वाटलं, लांब चाललोय म्हणून मी गप्प आहे. खरं असं की गाडी हायस्कूलच्या कंपाउंडवरून पुढे गेली आणि मला हायसं वाटलं.

त्या हायस्कूलचा इतिहास तुम्ही सगळे बॅचवाले अभिमानाने सांगता. तालुक्यातलं पहिलं हायस्कूल, गावकऱ्यांच्या श्रमदानातून उभं राहिलेलं. आमच्या आधीच्या पोरांनी नदीतून दगड वाहिले, मंगलोरी कौलं हातोहात वर चढवली. हे सगळं खरं आहे. पण त्या इतिहासात महाजन सरांबद्दल एवढंच लिहिलंय की ते 'वैयक्तिक कारणाने' शाळा सोडून गेले. आणि शालन तर त्यात कुठेच नाही.

शालन आमच्या वर्गात होती. वडील शिंपी, घरात तिच्याआधी कुणी हायस्कूल पाहिलेलं नाही. गणितात ती माझ्या पुढे होती. पुढे म्हणजे थोडीथोडकी नाही. महाजन सर आम्हा काहीजणांना संध्याकाळी घरी बोलवून फुकट शिकवायचे. ओसरीवर आम्ही बसायचो, शेजारी सरांच्या पत्नी सुपात तांदूळ निवडत असायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "अहो, पोरांना पाणी तरी विचारा." एकदा भूमितीचं एक प्रमेय मी फळ्यावर मांडलं. सरांनी खडू माझ्या हातातून घेतला, शालनला दिला आणि म्हणाले, "बघ, हिची रीत सुटसुटीत आहे. तू हिच्याकडून शीक." त्या दिवसापासून मी जाणं बंद केलं. हळूहळू बाकीचेही गळाले. ती एकटी जात राहिली.

मग गॅदरिंग आलं. नातवंडांसाठी सांगतो, फिशपाँड म्हणजे काय ते. व्हरांड्यात एक खोका ठेवायचे. कुणीही कुणावरही टोमणा लिहून, खाली नाव न घालता, त्यात टाकायचा. गॅदरिंगच्या संध्याकाळी स्टेजवर चिठ्ठ्या वाचल्या जायच्या. ज्याच्यावर फिशपाँड पडेल त्याने उठून, हसत, स्टेजवर जाऊन तो घ्यायचा. रडला किंवा रागावला तर वर्षभर सुटका नाही. चिठ्ठ्या आधी चाळायचं काम एका सरांकडे होतं, पण त्या दिवशी ते पडदे बांधण्यात अडकले होते.

माझी चिठ्ठी अशी होती: 'कु. शालन हिस. रोज संध्याकाळी सरांच्या घरी. गणित एवढं अवघड, की सर एवढे सोपे?'

सगळा मांडव हसला. पालकसुद्धा हसले. शालन उठली, रीतीप्रमाणे हसली, चिठ्ठी घेतली आणि जागेवर येऊन बसली. माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. चिठ्ठी माझी आहे हे त्याला माहीत नव्हतं, हसताना शेजारी मी होतो म्हणून मारली.

दुसऱ्या दिवशीपासून ती शाळेत आली नाही. वडिलांनी तिला मशीनवर बसवलं आणि वर्षाच्या आत लग्न लावून दिलं. जुन्या अकरावीची परीक्षा तिने दिलीच नाही. ती बसली असती तर शाळेत पहिला मी आलो नसतो. सरांच्या दारावर कुणीतरी कोळशाने काहीबाही लिहिलं. पुढच्या सत्राआधी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. आमच्या घरी जेवताना आई म्हणाली, "असल्या पोरींना शिकवून काय मिळतं लोकांना?" मी आमटी मागितली आणि जेवत राहिलो.

चंदीगड मला मानवलं ते यामुळेच. इथे गल्ली नाही, सेक्टर आहेत. माणूस घराच्या नंबराने ओळखला जातो. ऑफिसात मी 'पाटील जी' झालो, शेजाऱ्यांबरोबर मोडकी पंजाबी बोलायला लागलो, गणपतीला महाराष्ट्र मंडळात जाऊन आरत्या म्हटल्या. गावाकडचं काही निघालं की आमचं हायस्कूल, आमचे मास्तर, असं मीही छाती काढून सांगायचो. रिटायर झाल्यावर मोहालीला, एरोसिटीत, मुलाकडे राहायला आलो. नात मुग्धा सेक्टर ३४ ला क्लासला जाते. तिला आणायला मीच जातो. क्लास सुटला तरी ती जिन्यात सरांशी एखाद्या गणितावरून भांडत असते. खाली स्कूटरवर बसलेली पोरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी मात्र बघत राहतो.

मागच्या वर्षी शालन गेली. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मग एकाने लिहिलं, 'हुशार होती, पण सरांच्या प्रकरणात वाया गेली.' दुसऱ्याने लिहिलं, 'हो, ते प्रकरण गाजलं होतं.' मी फोन हातात धरून बसून राहिलो. तो नुसता टोमणा राहिला नव्हता, त्याचा इतिहास झाला होता. काय झालं म्हणून मुग्धाने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. घरात कुणाला सांगितलं ते पहिल्यांदाच. ती मराठी समजते, बोलते हिंदीच. म्हणाली, "तो आजोबा, इतने साल आपने सबको मानने दिया?" मी म्हटलं, हो. ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच केलं.

आता शाळेचा मोठा सोहळा ठरलाय आणि तुम्ही पुन्हा फिशपाँड ठेवणार आहात, 'जुनी मजा' म्हणून. ग्रुप चालवणाऱ्या बाळूचा मला फोन आला.

"चंदीगडकर, स्मरणिकेसाठी काहीतरी फक्कड दे लेका."

मी काय देणार ते सांगितलं.

"अरे, गेलेल्या बाईचं कशाला काढतोस?"

"तिचं तुम्हीच काढलंत. मी माझं काढतोय."

"आपलं वय काय झालंय, यार. शाळेचं नाव खराब होईल."

"मग होऊ दे."

तर लिहून देतो. प्रकरण नव्हतं. त्या ओसरीवर मी स्वतः बसलोय. तिथे गणित होतं, तांदूळ होते आणि एक शिंप्याची पोर होती जी माझ्यापेक्षा चांगली होती. बाकीचं मी रचलं, आणि तुम्ही पन्नासहून जास्त वर्षं ते जपलंत. लिहिणारा मी, पण त्या मांडवात हसले सगळे. छापायचं तर हे पूर्ण छापा. एक ओळ गाळायची असेल तर सगळंच परत करा आणि मला ग्रुपमधून काढा. मी तुमची माफी मागत नाहीये. ती तुमच्याकडे मागायची नाहीच. लोक विचारतात, गावाची आठवण येते का? येते. पण ज्या गावात माझं खोटं अजून नांदतंय, त्याला माझं घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिला सांगायची एकदाच संधी आली होती. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, दिवाळीला गावी गेलो असताना शालन एसटी स्टँडवर दिसली, सोबत शाळकरी मुलगा. तिनेच हाक मारली. "तिकडे बर्फ पडतो का रे?" मी म्हटलं, बर्फ नाही, पण थंडी मरणाची. ती म्हणाली, "ह्याचं गणित मीच घेते घरी." मी म्हटलं, छान. मग मी चंदीगडचे रुंद रस्ते सांगितले, तिथले गहू कसे असतात ते सांगितलं, तिची गाडी लागेपर्यंत बोलत राहिलो. ती पायरीवर चढली, मुलाला आत ढकललं आणि वळून माझ्याकडे बघितलं, मी आणखी काही बोलणार असल्यासारखं. मी म्हटलं, "सांभाळून जा."

म्हणायचं होतं ते हे: शालन, ती चिठ्ठी माझी होती. तू कुठेही चुकली नव्हतीस. मला माफ कर.