फळ्यावरची रिकामी जागा

पेडणेकर मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्टुलावर उभे होते आणि त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी लग्न होऊन नुकतीच करी रोडच्या आमच्या चाळीत आले होते. चाळीच्या तोंडाशी फळा होता, त्यावर मास्तर खडूने लिहीत. कुणाचं बारसं, कुणाचं निधन, पाणी कधी येणार, कबड्डीत कोण जिंकलं. मी दुसरी शिकलेली, एकेक अक्षर लावत उभी राहायचे. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं, कारण पुढे ते अक्षर मोठं काढू लागले. बोलून मात्र कधी दाखवलं नाही. आज मी पेपर वाचते ती त्या फळ्याची पुण्याई. पेपर वाचून डोक्याला ताप होतो, तो भाग निराळा.

आता चाळ जाऊन टॉवर आला, तरी मास्तरांनी तोच फळा गेटापाशी लावून घेतला. मास्तर पंचाहत्तर वर्षांचे झाले, म्हणून हा गौरव अंक निघतोय. त्यांनी मैदानावर किती मुलं घडवली ते जाणकार लिहितीलच. मला कबड्डीतलं एवढंच कळतं की संदेश चढाईला गेला की मी पाटावरून उठायचं नाही. उठले की तो पकडला जातो. सूनबाई हसते, हसू दे. संदेश आमच्याच चाळीतला, मास्तरांचा चेला, पुढे टीव्हीवरच्या लीगमध्ये गेला. त्याचा सामना असला की मी खीर करते. जिंकला तर तोंड गोड करायला, हरला तर तोंडाची चव परत आणायला.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याला मार लागला आणि संघाने त्याला मुक्त केलं. सकाळपासून टीव्हीवर तेच. तो पडला तेवढंच परत परत दाखवत होते, जणू पोरगा जन्मभर पडतच होता. एका पेपरात आलं की संदेश संपला. दुसऱ्याने लिहिलं, त्याला शिस्त नव्हती. मैदानाची माती कपाळाला लावल्याशिवाय ज्याने कधी पाऊल टाकलं नाही, त्याला शिस्त नव्हती म्हणे. त्याची आई माझ्याकडे येऊन रडली. पोरगा दार लावून बसला होता, परत मैदानावर पाय ठेवणार नाही म्हणत होता.

मी तणतणत खाली गेले, तर फळ्यावर मास्तरांचंच अक्षर. ‘आपल्या संदेशला संघाने मुक्त केले.’ एवढंच, आणि खाली अर्धा फळा कोरा. माझं डोकं फिरलं. आपल्या माणसानेही तेच लिहावं? इकडेतिकडे पाहिलं आणि पदराने पुसून टाकलं.

संध्याकाळी माणसं जमली. फळा कुणी पुसला म्हणून शेजारचे तावडेभाऊ तर प्रत्येकाला शपथ घालायला निघाले. मास्तर आले. त्यांनी आधी फळा पाहिला, मग माझा पदर. हिरव्या पातळावर पांढरा खडू लपतो होय?

“खडू दमट होता रे,” मास्तर म्हणाले. “टिकला नाही. जा घरी.”

सगळे पांगल्यावर मला म्हणाले, “वहिनी, बातमी खरी आहे, ती लिहावीच लागते. पण एवढ्या जणांनी त्याच्याबद्दल लिहिलं, त्याला कुणी विचारलं का? खालची जागा त्याच्यासाठी ठेवली होती.”

त्यांनी ती ओळ पुन्हा लिहिली, खालचा फळा पुन्हा कोरा ठेवला आणि खडू माझ्या हातात दिला. मी तो खिरीच्या वाटीबरोबर संदेशकडे नेला, मास्तरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याने खडू मुठीत घेतला. खिरीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर खालच्या बाजूला त्याचं वेडंवाकडं अक्षर. ‘गुडघा बरा होतोय. तोवर सकाळी सहाला मैदानावर मुलांना पकड शिकवीन. संदेश.’ मी न अडखळता तीनदा वाचलं.

मास्तर, तो खडू कोरडा होता. पुसणारी मी होते, हे तुम्ही आजवर चारचौघांत काढलं नाहीत, म्हणून मीच छापून टाकते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, स्टुलावर चढायची ताकद गुडघ्यांत राहो. शंभरी गाठाल त्या दिवशीची बातमी मात्र संदेशला लिहू द्या. आणि अक्षर मोठं काढायला सांगा त्याला, मी वाचायला उभी असेन.