छापलेल्या वेळेचा माणूस

पत्रिकेवर छापलेलं मिनिट आलं की हा माणूस भर मांडवात उभा राहायचा आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना मूठभर अक्षता स्टेजकडे भिरकावायचा. "लागलं लग्न. चला जेवाय," असं म्हणून सरळ पंगतीत जाऊन बसायचा. तिथे अजून आमटीला उकळी आलेली नसायची.

सातारा-सांगलीकडची लग्नं तुम्ही पाहिलीच असतील. मुहूर्त छापायचा बारा पस्तीसचा आणि त्या वेळेला शुभाशीर्वाद सुरू करायचे. टोपी, टॉवेल, नारळ. "मी दोनच शब्द बोलणार आहे." अक्षता पडायला दोन वाजतात. तोवर मुठीतल्या अक्षतांचं कुंकू तळहाताला लागतं. कुणी तक्रार करत नाही, कारण सगळ्यांच्या घरची लग्नं अशीच लागलेली असतात.

हा माणूस म्हणजे आमच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. मी शेजारी पासच्या खिडकीत. घड्याळात काटा आला की शिट्टी, मग गाडीत कोण चढतंय, कोण राहिलंय, बघायचं नाही. त्याबद्दल निवृत्तीला त्यांना शाल मिळाली, भाषणं झाली. तेच त्यांनी मांडवात केलं तर लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. "अहो कंट्रोलर, तासभर गप्प बसायला तुमचं काय जातं?"

"ताई, येळ कुणी छापली? त्यांनीच न्हवं? मग!"



सुरुवातीला लोक हसले. मग त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन दणकट भाचे बसवायला लागले. मग अक्षता वाटणारे त्यांना वगळून पुढे जायला लागले. ते घरून रुमालात बांधून आणायचे. एकदा त्यातल्या थोड्या एका माजी सभापतींच्या टकलावर पडल्या आणि त्यानंतर निमंत्रणंच बंद झाली. नवरा-बायको दोघांचीही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाचं जेवण डब्यातून घरी आलं.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांची बायको पासच्या खिडकीशी आली. "ताई, दोन वरसं झाली, कुणाच्या लग्नात लुगडं नेसून बसले न्हाई. तुमी तरी बोलवा." मी शब्द दिला. तासगावच्या व्याह्यांना ते कळलं. त्यांचा फोन आला, "आमच्याकडून आमदार येणार आहेत. तो माणूस मांडवात नको."

मी व्यवहारी बाई आहे. प्रेसमध्ये जाऊन एकच पत्रिका वेगळी छापून घेतली. मुहूर्त : दुपारी एक वाजून पंचेचाळीस मिनिटं. भाषणं संपतील, तेवढ्यात कंट्रोलर येतील, अक्षता टाकतील, सगळे खूश. ती पत्रिका मी स्वतः नेऊन दिली. त्यांच्या बायकोनं तिला हळदकुंकू लावलं. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी बारा वाजता निरोप आला, आमदार दुसरीकडे अडकलेत, येत नाहीत. बाकीच्यांना मग बोलण्यात रस उरला नाही. गुरुजींनी संधी साधली आणि बारा पस्तीसला, अगदी मिनिटावर, अक्षता पडल्या. आमच्या भागात असं लग्न मी पहिल्यांदा पाहिलं.

सव्वा वाजता दोघं आले. त्यांची बायको ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि समोरून बायका हात पुसत जेवून परतताहेत. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते फाटकातल्या फलकासमोर थांबले. त्यावर खरी वेळ, बारा पस्तीस, छापलेली होती. खिशातली पत्रिका काढून त्यांनी तीही वाचली.

आता तमाशा होणार म्हणून मी पुढे झाले. ते मात्र रिकाम्या खुर्च्यांमध्ये घड्याळाकडे बघत उभे राहिले. पावणेदोनपर्यंतचा तो अर्धा तास किती लांबला हे मलाच ठाऊक. मग रुमाल सोडून ते जेवायला बसलेल्या नवरा-नवरीकडे गेले आणि त्यांनी दोघांवर अक्षता टाकल्या. काही जिलबीच्या ताटात पडल्या.

"लागलं लग्न," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. "ताई, खरी पत्रिका द्या. ठिवायला." मी दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली. "मिनिटावर लागलं म्हणं?"

"हो."

"लय ब्येस झालं. मी बघाय पायजे हुतो."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "च्या टाका."

त्यानंतर त्यांनी रुमाल आणणं सोडलं. बातमी पसरली, कंट्रोलर सुधारले. निमंत्रणं पुन्हा यायला लागली. माझे व्याही मला म्हणाले, "तुम्ही बरोबर औषध दिलंत." इतका संताप आला, पण व्याह्यांना काय बोलणार.

गेल्या वर्षी ते गेले. त्याआधीची शेवटची भेट कुंडलच्या एका लग्नातली. मुहूर्त उलटून गेला होता, स्टेजवर तिसरं भाषण रंगात आलं होतं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून. मनगटावर घड्याळ नव्हतं, त्याच्या पट्ट्याची फिकट खूण तेवढी उरली होती.

मी कोपरानं डिवचलं. "कंट्रोलर, बारा चाळीस झाले."

"व्हय? झालं आसंल."

मला राहवलं नाही. माझ्या मुठीतल्या अक्षता मी त्यांच्यापुढे धरल्या. "घ्या की. टाका."

त्यांनी माझी मूठ हलकेच मिटली.

"थांबा, ताई. सायेब बोलत्यात."