परत पाठवलेला आयपीस

गोविंद राठोड मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हिंगोलीतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका आजींचे डोळे तपासत होतो. फोन साखऱ्याहून, मास्तरांच्या शाळेतल्या शिपायाचा. "मास्तर गेले. तळ्यावर सापडले," एवढंच त्याला धड सांगता आलं. आजींच्या नाकावरची तपासणीची चौकट तशीच ठेवून मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो... शेवटी आजीच उठून आल्या, एका डोळ्यावर झाकण तसंच, आणि म्हणाल्या, "काय झालं रे लेकरा?" संध्याकाळी तांड्यावर पोचलो तेव्हा बाकीचं कळलं. मास्तरांची दुर्बीण नेहमीच्या जागी, तळ्याच्या अलीकडच्या काठावर, तिपाईवर उभी होती. मास्तर मात्र पलीकडच्या काठावर, बाभळीच्या बुंध्याला टेकून, तोंड इकडे करून बसलेले. चष्मा कपाळावर चढवलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते खरंच असणार. पण मास्तर पलीकडे गेले कशाला, हे कोणाला उलगडेना. पक्षी बघणारा माणूस चिखल तुडवत जाऊन पक्षी उडवून लावत नाही. लोक मला विचारत होते आणि मी नुसती मान हलवत होतो. याला आता महिना झाला. मास्तर तिकडे का गेले ते मला ठाऊक आहे, तेव्हाही होतं.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली. मास्तर साखऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि जवळच्याच तांड्यावर राहायचे. चष्म्यासाठी पहिल्यांदा दुकानात आले ते मला "डॉक्टर" म्हणतच. मी डॉक्टर नाही, साधा चष्मेवाला आहे, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. त्यांनी मनावर घेतलं नाही. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली तेव्हा मला संशय आला. बाहेर बसल्या बसल्या पाठ केली होती गड्याने! मी माझं नेहमीचं वाक्य सुनावलं, जे मी सगळ्यांनाच सुनावतो : "दिसतं तेवढंच सांगा. वाटतं ते सांगू नका." मास्तर हसले आणि खिशातली वही काढून तिच्या पुठ्ठ्यावर ते वाक्य लिहून घेतलं. ती वही पक्ष्यांची होती. पुढे प्रत्येक नव्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी तेच वाक्य लिहिलं.

त्यांच्याकडे एक जुनी, बिजागरी सैल झालेली दोन डोळ्यांची दुर्बीण होती. शेकाट्या, चक्रवाक, थापट्या अशा मोठ्या मंडळींना ती पुरायची. पण हिवाळ्यात पलीकडच्या चिखलावर बारके तुतवार उतरत, त्यांच्यात पायांच्या रंगावरून आणि चोचीच्या बाकावरून फरक करायचा, आणि मध्ये पाव किलोमीटर पाणी. वहीत ओळींमागून ओळी एकच मजकूर : "तुतवार, कोणता ते माहीत नाही." त्या "माहीत नाही"नं मास्तर बेजार झाले होते. एका डोळ्यानं बघायची, लांब पल्ल्याची दुर्बीण घ्यायची असं ठरलं, आणि माझ्या दुकानात वर्षभर तोच विषय. ऐंशी मिलिमीटर भिंगाची मोठी नळी उजेड भरपूर देते, पण तिचं वजन सायकलवरून रोज कोण वाहणार? पन्नासची छोटी नळी खांद्यावरच्या झोळीत मावते. नळी ठरली, मग आयपीसवर गाडी अडली. डोळा लावायच्या बाजूचं ते छोटं भिंगांचं नळकांडं, पण दिसणं न दिसणं सगळं त्याच्या हातात. एक होता कायम वीस पटीचा, रुंद दृश्याचा, चष्मा न काढता पूर्ण गोल दाखवणारा. दुसरा पंधरापासून पंचेचाळीस पटींपर्यंत फिरवता येणारा. पुण्याच्या दुकानदारानं दोन्ही पाठवून दिले : एक ठेवा, एक पंधरा दिवसांत परत पाठवा.

निवड कशी करायची? मी आपल्या धंद्याची रीत वापरायचं ठरवलं. दुकानातला एक जुना पत्र्याचा अक्षरांचा तक्ता घेऊन साखऱ्याला गेलो. सकाळीच, ऊन तापून हवा थरथरायला लागायच्या आत, आम्ही तळ्याला वळसा घालून पलीकडच्या बाभळीला तो ठोकला आणि अलीकडे येऊन दुर्बीण लावली. मी मास्तरांना म्हणालो, आता तुमचे नाही, आयपीसचे डोळे तपासू. आधी वीस पटीचा बसवला. मास्तरांनी चष्मा दोन बोटांनी खालून उचलून कपाळावर चढवला. या आयपीसला तसं करायची गरज नव्हती, पण ती त्यांची सवयच होती. वाकून ओळी वाचायला लागले. तिसरी झाली, चौथी झाली आणि थांबले.

"डॉक्टर, तक्त्याखाली कोण बसून राहिलं?"

"असेल कोणी गुराखी."

"आत्ता तर आपुन तिथून आलो. कोणीच नव्हतं." त्यांनी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. बाभूळ, तक्त्याचा पांढरा ठिपका, बाकी काही नाही. ते पुन्हा वाकले. हात उंच करून हलवला. "आपल्याकडंच बघून राहिला. हात केला तर करत न्हाई. तुमी बघा बरं."

मी वाकलो. मास्तर माझ्यामागे उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला जे दिसलं ते आज पहिल्यांदा लिहितो आहे. तक्ता स्वच्छ दिसत होता, चौथी ओळ वाचता येत होती. तिच्याखाली बुंध्याला टेकून एक माणूस बसला होता. पांढरा शर्ट. चेहरा फांद्यांच्या सावलीत, वीस पटीत काही कळत नव्हता. मग त्यानं हात उचलला आणि चष्मा दोन बोटांनी खालून कपाळावर चढवला... मास्तरांच्या हाताचं वजन त्या वेळी माझ्या खांद्यावर होतं.

"काय दिसून राहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"तक्ता. चौथी ओळ."

"अन् खाली?"

"काही नाही."

"दिसतं तेवढंच सांगून राहिले ना?"

"हो," मी म्हणालो. आयुष्यात हजारो माणसांना ते वाक्य ऐकवलं, आणि मला ते विचारलं गेलं तेव्हा मी असा वागलो.

मास्तर लगेच दुसऱ्या आयपीसचं डबडं उघडायला लागले. "मंग मोठा लावू. पंचेचाळीसमधी चेहरा दिसंल." मी त्यांच्या हातातून ते डबडं काढून घेतलं. म्हणालो, मास्तर, पन्नासला पंचेचाळीसनं भागा, डोळ्यात येणारी उजेडाची टिकली जेमतेम एक मिलिमीटर उरते. दृश्य अंधुक होतं, वाऱ्याची झुळूक आली तरी नळी हलते, नऊ वाजल्यावर तर नुसती वाफ दिसेल. वीसचाच ठेवा. यातला शब्द न् शब्द खरा आहे. आजही कोणी विचारलं तर मी हाच सल्ला देईन. पण त्या दिवशी मी तो त्यासाठी दिला नव्हता. मला तो चेहरा बघायचा नव्हता, आणि मास्तरांनाही बघू द्यायचा नव्हता. दुपारी हिंगोलीला परतल्यावर पहिलं काम केलं ते तो मोठा आयपीस पुण्याला परत पाठवण्याचं. निघण्याआधी आम्ही बाभळीपाशी जाऊन आलो होतो. चिखलात आमच्या दोघांची पावलं होती आणि पक्ष्यांची. तक्ता मास्तरांनी काढू दिला नाही. "राहू द्या. डोळे बराबर हायेत का ते रोज कळंल."

त्यानंतर वहीतलं "माहीत नाही" झपाट्यानं कमी झालं. तुतवारांना नावं मिळाली, रंगीत करकोच्यांची पिल्लं मोजली गेली. मास्तर दर चार-सहा महिन्यांनी दुकानात येऊन वही दाखवायचे. पण जागोजागी पक्ष्यांच्या यादीखाली एक ओळ असायची : "बाभळीखाली एक. कोण ते माहीत नाही." मी ती ओळ न वाचल्यासारखं करून पान उलटायचो. मग ते डोळे तपासून मागायचे. डोळे निर्मळ होते. "मंग डोक्यातच काही बिघडलं असंल," ते हसत म्हणायचे, आणि ते हसणं वर्षागणिक बारीक होत गेलं. तांड्यावर कोणाला सांगितलं तर येड्यात काढतील म्हणून त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. जगात विचारायला त्यांना एकच माणूस होता, आणि तो मी होतो.

शेवटचे आले ते जाण्याच्या पंधरा दिवस आधी. चहा निम्मा ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तो मोठा आयपीस ठेवायला पायजे होता. एकदा चेहरा दिसला असता तं जिवाची तकलीफ गेली असती." मी त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करत होतो. "आता एक डाव जाऊनच बघतो तिकडं," ते म्हणाले. तेव्हा तरी बोलायचं होतं. मला दिसला होता, तुम्ही वेडे नाही आहात, आणि तिकडे जाऊ नका... तीन वाक्यं. मी म्हणालो, "चिखलात कशाला जाता मास्तर," आणि चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.

गेल्या आठवड्यात शांताबाई, मास्तरांची बायको, दुर्बीण घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, हे तुमच्याजवळ राहू द्या. घरात ठेवून मी काय बघू?" नळी पिशवीत होती, फोकसचं चाक मास्तरांनी सोडलं त्या जागी. मग त्यांनी तेच विचारलं, "काहून गेले असतील हो ते तिकडं?" या वेळी मला मान हलवता आली नाही. सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "मला काहून सांगून राहिले? त्यायला सांगा."

रविवारी सकाळी गेलो. त्यांच्या जागेवर त्यांचं बसायचं स्टूल तसंच होतं. तिपाई उभी केली, नळी बसवली, फोकसला हात लावला नाही. लावायची गरजच पडली नाही. तक्ता पावसानं पिवळा पडलाय, पहिल्या दोनच ओळी उरल्यात. तक्त्याखाली ते बसले होते. पांढरा शर्ट. दोन बोटांनी खालून चष्मा वर सरकवला आणि इकडे बघत राहिले. वीस पटीत चेहरा दिसत नाही, पण मला तो बघायची गरज नव्हती. भीती वाटली, नाही असं नाही. डोळा न काढता मी मोठ्यानं म्हणालो, "दिसून राहिले, मास्तर. तेव्हाबी दिसले होते." टिटव्या ओरडत उठल्या. इतक्या वर्षांत मास्तरांनी कितीदा हात केला असेल, पलीकडून कधी उत्तर आलं नव्हतं.

पलीकडच्या माणसानं सावकाश हात वर केला.